गुडघा प्रत्यारोपणानंतरची हाडांची झीज व अस्थिभंग

गुडघा प्रत्यारोपणानंतरची हाडांची झीज व अस्थिभंग या कृत्रिम गुडघ्याभोवतीच्या हाडांत उद्भवणाऱ्या दोन परस्परसंबंधित गुंतागुंती आहेत. झीज बहुधा वेदनेविना अनेक वर्षे चालते आणि कमकुवत झालेले हाड साध्या पडण्यानेही मोडू शकते.

कारणे

कृत्रिम गुडघ्यातील धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिइथिलीनची चकती असते. तिच्या घर्षणातून सुटणारे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात. त्यातून निर्माण होणाऱ्या दाहामुळे हाड शोषून घेणाऱ्या पेशी सक्रिय होतात आणि सांध्याची पकड सैल होते. शरीराचा भार धातूने पेलल्यामुळे लगतचे हाड विरळ होणे, तसेच जंतुसंसर्ग, ही झीजेची अन्य कारणे होत. वार्धक्य, अस्थिसुषिरता, संधिवात व स्टेरॉइडचा दीर्घकाळ वापर यांमुळे अस्थिभंगाचा धोका वाढतो. असा अस्थिभंग बहुतांशी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी होतो.

निदान व उपचार

निदान मुख्यतः एक्स-रेने होते. आवश्यकतेनुसार सीटी स्कॅन व रक्तचाचण्या केल्या जातात. कृत्रिम सांधा घट्ट असल्यास मोडलेले हाड पट्टी किंवा सळई बसवून जोडतात. सांधा सैल असल्यास तो बदलून लांब दांड्याचा नवा सांधा बसवतात. हाडातील पोकळी सिमेंट, अस्थिरोपण किंवा धातूच्या ठोकळ्यांनी भरली जाते.

पुणे जिल्हा

पुण्यातील अस्थिशल्यविशारद के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या. पुनर्शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या सांध्यांचाही त्यांत समावेश होता.

बारामती व इंदापूर हे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील शेतीप्रधान तालुके आहेत. बारामती येथे २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुनर्शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. याउलट झीज वेळीच ओळखण्यासाठी लागणारा साधा एक्स-रे तालुक्याच्या ठिकाणीही काढता येतो. ऊसशेतीच्या भागात ओले बांध, पाटाचे पाणी व अंधारातील वाटा ही पडण्याची संभाव्य ठिकाणे ठरतात.

प्रतिबंध

दुखत नसले तरी ठरावीक काळाने एक्स-रे काढणे, हाडांची घनता तपासणे, वैद्यकीय सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणे, मांडीचे स्नायू बळकट ठेवणे आणि न्हाणीघरात आधाराची दांडी बसवणे हे प्रमुख उपाय होत. नव्याने सुरू झालेली वेदना, सूज किंवा पायाचा वाकडेपणा दिसल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते.