पावसाळी गटारे आणि डासांची पैदास

वसई-विरारमध्ये पावसाळी गटारांची चर्चा होते ती पाणी तुंबल्यावर. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसरात रेल्वेरुळांवर पाणी येऊन लोकल सेवा ठप्प झाली, तेव्हाही नालेसफाईवर बरेच बोलले गेले. पाणी ओसरले आणि विषय मागे पडला. डासांचा हंगाम मात्र पाणी ओसरल्यानंतरच सुरू होतो. मुसळधार पावसाचा लोंढा गटारातील अळ्या वाहून नेतो. त्यानंतर आठ-दहा दिवस उघडीप मिळाली, की खोलगट जागी उरलेल्या पाण्यात अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या डासापर्यंतच्या सर्व अवस्था पार पडतात.

येथील भूरचना त्याला पोषक आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर. डोंगरउतारावरून आलेले पाणी सपाटीवर मंदावते आणि भरतीच्या वेळी खाडीकडे जाणारी वाट बंद होते. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व लगतची गावे मिळून महापालिका झाली. त्यामुळे गटारे निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या यंत्रणांनी बांधलेली. त्यांचे उतार एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

धोक्याची मुख्य जागा म्हणजे चेंबर. गाळ खाली बसावा म्हणून त्याचा तळ बाहेर जाणाऱ्या नळापेक्षा खोल ठेवतात. पाऊस थांबला तरी तेवढे पाणी आत राहते. वर काँक्रीटचे झाकण असल्याने ऊन लागत नाही, वारा लागत नाही आणि आतले कोणाला दिसतही नाही. डास मात्र फटीतून सहज ये-जा करतो.

सांडपाणी मिसळलेल्या गटारात क्युलेक्स वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा हाच डास. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती स्वच्छ पाण्यातच होतो, अशी आपली समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. ब्राझीलमधील साल्वादोर शहरात संशोधकांना रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांत एडिसच्या अळ्या आढळल्या. तेथे काही चेंबरांचा तळ काँक्रीट भरून उंचावण्यात आला. पाणी साचणे घटले, तशा अळ्याही घटल्या.

आपल्याकडे तक्रार आली की धूरफवारणी होते. धूर दिसतो, त्यामुळे नागरिकांचे समाधान होते. पण तो उडत्या डासांनाच मारतो, पाण्यातील अळ्यांवर त्याचा परिणाम नाही. गप्पी मासे विहिरी व तळ्यांत उपयुक्त, चेंबरमधून मात्र पहिल्या मोठ्या सरीसरशी वाहून जाण्याचीच शक्यता अधिक. उघडिपीच्या काळात आठवड्यातून एकदा चेंबर उघडून अळीनाशक टाकणे अधिक परिणामकारक ठरते. मे महिन्यात काढलेला गाळ काठावरच राहिला, तर तो जूनमध्ये पुन्हा आत येतो.

गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील चेंबर बहुधा महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या नजरेआड राहतात. पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी झाकण उचलून पाहावे. तळाशी पाणी असेल, तर ते उपसावे आणि भिंतीही खरवडून घ्याव्यात, कारण एडिसची अंडी पाण्यालगतच्या ओलसर पृष्ठभागाला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.