प्रसूती-रजेचे कायदे आणि गोसीखुर्द परिसर

प्रसूती-रजेचे कायदे आणि गोसीखुर्द परिसर : बाळंतपणाच्या काळात स्त्रीला कामावरून रजा, त्या रजेतली मजुरी आणि परत कामावर येण्याची हमी देणारे कायदे, व वैनगंगाकाठच्या या भागात त्यांची झालेली अंमलबजावणी. गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गाव. इंदिरासागर, म्हणजेच गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पामुळे ते महाराष्ट्रभर माहीत झाले. येथील बाया धानाच्या बांधीत, बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर आणि घरी विडी वळून कमावतात. रजेच्या कायद्याची पहिली कसोटी अशाच ठिकाणी लागते, कारण खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली, हा इथला रोजचा हिशेब आहे. बाळंतिणीला विश्रांती हवी, यावर फारसा मतभेद कधी नव्हता. वाद झाला तो पैसे कोणी द्यायचे यावर, आणि तो अजून मिटलेला नाही.

इतिहास : आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेत प्रसूती-संरक्षणाचा करार केला. हिंदुस्थान सरकारने त्याला मान्यता दिली नाही. कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. मग हा प्रश्न मुंबई इलाख्यात गेला. मुंबईच्या कापड गिरण्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि आई पाळीवर असताना तान्हे मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल तेथे सर्रास होती. आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. त्यावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे त्यांनी आधी मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला मोकळे सोडता येणार नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, असा त्यांचा पुढचा मुद्दा होता. १९२९ चा मुंबईचा कायदा या चर्चेतून झाला. देशातला हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा. त्यात दिवसाला आठ आणे ठरले. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतानेही कायदा केला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने या भागाला लागू झालेला पहिला प्रसूती कायदा तो. मात्र त्याचा रोख कारखान्यांवर होता, शेतमजूर बाई त्यात कुठेच नव्हती.

खाणींसाठी १९४१ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा आला. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी असल्याने भंडारा जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध होता. या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक १९४३ मध्ये मांडले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री आंबेडकरच होते.

सध्याचा कायदा व त्याचा खर्च : प्रांतोप्रांतीच्या कायद्यांची जागा १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने घेतली. त्यात १२ आठवड्यांची रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. तरी मूळ चौकट तीच राहिली : रजेचा सगळा पगार त्या एका मालकाने द्यायचा.

हे ओझे किती, ते आकड्यांतून समजते. समजा, बारा माणसांच्या एका भातगिरणीत रोज ४०० रुपयांवर एक बाई कामाला आहे आणि गिरणी कामगार राज्य विमा योजनेत नाही. रजेच्या मोजणीत रविवारही धरावे लागतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय आहे. २६ आठवड्यांचे १८२ दिवस, म्हणजे ७२,८०० रुपये. शिवाय तिच्या जागी ठेवलेल्या माणसाची मजुरी. छोटा मालक यावर सोपी वाट काढतो, तो तरुण बाईला कामावर ठेवतच नाही. हे अन्यायाचे आहे, आणि कायद्याची रचनाच त्याला त्या वाटेला लावते.

कामगार राज्य विमा योजनेत हेच काम निराळ्या रीतीने होते. मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. १२,००० रुपये महिना असेल तर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९०. पुरुष असो की बाई, हप्ता तोच, आणि बाळंतपण आले की पैसे योजनेचे महामंडळ देते. त्यामुळे बाईला टाळून मालकाचा एक रुपयाही वाचत नाही. एकट्या मालकावर थेट भार टाकू नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारातही आहे. केंद्रीय कामगार मंत्रालयाने २०१८ मध्ये, २६ पैकी ७ आठवड्यांचे वेतन मालकाला परत देण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. कायद्यात तो उतरला नाही. खर्च जास्त होतो या तक्रारीवर रजा कमी करणे हा उपाय नव्हे, खर्च सर्वांत वाटणे हा आहे, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा देशात कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यापासून उभी आहे.

धरणावरच्या बाया : गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांचा असलेला हा प्रकल्प पुढे सुधारित अंदाजात १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणाच्या आणि कालव्यांच्या मातीकामावर टोपली उचलणारी बाई मुकादमाच्या हजेरीवर असते. १९६१ चा कायदा तिला लागू आहे की नाही, हे दिल्लीतल्या एका खटल्यात स्पष्ट झाले. रस्ते आणि खोदकामावर मस्टरवर राबणाऱ्या बायांचा तो खटला होता. महानगरपालिकेने त्या कायम नोकरीत नाहीत असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये ते मानले नाही : पोटुशी बाई रोजंदारीवर असली तरी तिच्या श्रमात फरक पडत नाही, म्हणून हक्कातही पडत नाही.

निकाल चांगला, पण अडचण ८० दिवसांच्या अटीत आहे. बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत, ज्याच्याकडे हक्क मागायचा त्याच मालकाकडे, ८० दिवस काम झालेले असावे लागते. कालव्याचा एक तुकडा एका ठेकेदाराकडे, पुढचा दुसऱ्याकडे. बाई त्याच नाल्यावर, तीच टोपली घेऊन वर्षभर राबली, तरी कागदावर तिचे दिवस कुठेच पुरे होत नाहीत.

या उणिवेवर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी बरी वाट काढली. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून कल्याणकारी मंडळाने लाभ द्यायचे. महाराष्ट्रात नोंदीत कामगार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी, नैसर्गिक प्रसूती असल्यास १५,००० व शस्त्रक्रियेने झाल्यास २०,००० रुपये मिळतात. ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, पण तो एकाच ठेकेदाराकडचा असण्याची गरज नाही. महाराष्ट्राचे नियम मात्र २००७ चे. तोवर धरणाच्या कामाला जवळपास दोन दशके होऊन गेली होती.

रोवणी व बुडीत मजुरी : आषाढ-श्रावणात पऱ्हे (धानाची रोपे) उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवताना बाया दिवसभर वाकून, पोटरीभर पाण्यात असतात. हंगाम थोडक्या आठवड्यांचा आणि मजुरी त्याच दिवसांत जास्त, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातली बाईही बांधीत उतरते. तिचा मालक आज एक शेतकरी, उद्या दुसरा, आणि तोही बहुधा दोन-चार एकरांचा धनी. त्याच्याकडून २६ आठवडे मागणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. इथे सरकारच हवे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क देतो, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली तसाच लाभ मिळणाऱ्या वगळून. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्यासाठी ६,००० मिळतात ते मुलगी झाली तरच. वरच्याच ४०० रुपये रोजाने मोजले तर ५,००० म्हणजे साडेबारा दिवसांची मजुरी. पगारी बाईला १८२ दिवस आणि बांधीतल्या बाईला साडेबारा, ही तफावत कोणत्याही युक्तिवादाने सावरत नाही. सरकारी योजनांच्या मराठीत ‘बुडीत मजुरी’ हा शब्द आधीपासून आहे. रक्कम त्या शब्दाला धरून, म्हणजे किमान वेतन गुणिले विश्रांतीचे दिवस अशी ठरवायला हवी. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद २००५ च्या कायद्यात होती. पगारी बाळंत-रजा मात्र नव्हती.

विडी : भंडारा-गोंदियातला हा जुना घरधंदा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही प्रसूतिलाभ लागू केला होता. घरून काम करणारीला कामगार म्हणता येते, हे त्याने सहा दशकांपूर्वी मान्य केले. त्यासाठी ठेकेदाराच्या वहीत तिचे स्वतःचे नाव असावे लागते, नवऱ्याचे किंवा सासूचे चालत नाही.

वडिलांची रजा : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रासाठी सर्वसाधारण कायदा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये खासगी विधेयक मांडून १५ दिवसांची, आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा सुचवली होती. त्यात असंघटित क्षेत्राचाही विचार होता आणि खर्चासाठी मालक, कामगार व सरकार यांच्या वर्गणीचा निधी कल्पिलेला होता. ते विधेयक मंजूर झाले नाही.