मुले काटक असतात, पण कशाच्या बळावर?

‘पोरं काटक असतात, उन्हाला सरावतात’ असे सर्रास म्हटले जाते. या मताला शास्त्राचाही आधार मिळतो. तीव्र उन्हात व्यायाम करणाऱ्या मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा दुबळे ठरते, ही जुनी भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये बदलली. पुरेसे पाणी मिळाले, तर मुलेही मोठ्यांइतकीच तग धरतात, असे तिने मांडले.

पण हे निवेदन खेळणाऱ्या, धडधाकट मुलांविषयी आहे, आणि त्याचा सारा भार त्या ‘तर’वर आहे. ठाणे जिल्ह्यातल्या खडवली-पडघा पट्ट्यातल्या वीटभट्टीवर तो ‘तर’ तपासून पाहावा. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली कातकरी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर येतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. विटा रचून केलेल्या खोपटावर पत्रा किंवा प्लास्टिक, शेजारी धगधगती भट्टी. दमट हवेत घाम वाळत नाही, रात्रीही अंग निवत नाही. तान्ह्या मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. त्यात मूल कुपोषित असेल आणि जुलाब लागले, तर काही तासांत ते कोमेजते. इथे कसली सवय होणार?

‘ऊन आमच्या लहानपणीही होतं,’ हा दुसरा युक्तिवाद. होते, पण शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला हळूहळू वाढत्या उष्णतेत दहा-चौदा दिवस लागतात. 2022 चा मार्च देशाच्या सरासरी कमाल तापमानात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उष्णतेची लाट अशी आगाऊ आली, तर ते दिवस मिळणार कुठून?

पाण्याचे तर बोलायलाच नको. खडवलीवरून वाहणाऱ्या भातसा नदीवरच्या धरणातून मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी जाते, आणि ते धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. याचा दोष पावसाला देता येत नाही.

भट्टीवरचे हे चित्र बदलता येते, याचा दाखला ठाणे जिल्ह्यातच आहे. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या आणि कामावर जुंपली जाणारी मुले शिकू लागली. शाळा भट्टीवर जाऊ शकते, तर सावली आणि पाणीही जाऊ शकते. भट्टीच्या मातीची परवानगी महसूल खाते देते. सावली, पिण्याचे पाणी आणि दुपारची सुट्टी या अटी त्याच परवानगीत घालाव्यात, आणि कुटुंब भट्टीवर उतरले की त्याच आठवड्यात अंगणवाडीने मुलांची नावे आपल्या पटावर घ्यावीत.