डावं, उजवं आणि स्टारबोर्ड

डावं-उजवं हा किती अवघड विषय आहे हे पंगतीत वाढणाऱ्याला विचारावं. चटणी, कोशिंबीर, लिंबू पानाच्या डावीकडे. पण वाढणारा समोर वाकलेला, त्यामुळे ही डावी बाजू त्याच्या उजव्या हाताला येते. तरीही भाजीच्या जागी चटणी पडत नाही. कारण आपण पानाची डावी बाजू म्हणतो, माणसाची नव्हे.

ही अक्कल इंग्रज खलाशांनाही होती. गलबतावर कोण कुठे तोंड करून उभा असेल याचा काय नेम! म्हणून गलबताच्या पुढच्या टोकाकडे पाहताना जी बाजू उजवी, तिला त्यांनी नावच देऊन टाकलं : स्टारबोर्ड. तुम्ही उभे राहा, आडवे व्हा, शीर्षासन करा. स्टारबोर्ड जागचा हलत नाही.

शब्दात 'स्टार' असला तरी ताऱ्यांचा इथे काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सुकाणूची बाजू'. सुकाणू मागे मधोमध बसवायची युक्ती सुचण्याआधी गलबत एका मोठ्या वल्ह्यानं वळवत. बहुतेकांचा उजवा हात चालता, म्हणून वल्हंही उजव्या अंगाला. साहजिकच धक्क्याला लागायचं ते डाव्या अंगानं, नाहीतर वल्ह्याचा चुराडा! माल चढायचा तो याच बाजूनं, म्हणून ती 'लारबोर्ड'.

आता, स्टारबोर्ड आणि लारबोर्ड! एका चाळीत रामराव आणि शामराव राहत असले की कुणाची मनीऑर्डर कुणाच्या दारात जाते, हे आपण जाणतो. इथे तर वर वादळ, खाली खडक. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलानं लारबोर्डला कायमची रजा दिली आणि डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणण्याचा हुकूम काढला.

पण खरी भानगड पुढेच आहे. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी वळते डावीकडे. आणि हुकूम असायचा तो दांड्याला! म्हणजे कप्तान 'स्टारबोर्ड' ओरडला की जहाज डावीकडे. पुढे दांड्याऐवजी चाक आलं. ते डावीकडे फिरवलं की जहाजही मुकाट्यानं डावीकडे वळू लागलं. तरी हुकूम जुनाच राहिला. घरातले आजोबा गेले तरी त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही, त्यातलाच प्रकार.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी 'टायटॅनिक'समोर हिमनग आला, तेव्हा मर्डॉक नावाच्या अधिकाऱ्यानं हुकूम सोडला, "हार्ड अ स्टारबोर्ड!" चाकावरच्या हिचेन्सनं तो तंतोतंत पाळला आणि जहाज डावीकडे वळू लागलं. मर्डॉकला तेच हवं होतं. वेळ तेवढा पुरला नाही. उजवी बाजू हिमनगाला घासली आणि सुमारे दीड हजार माणसं गेली. १९९७ च्या सिनेमात हा हुकूम ऐकून "दिग्दर्शकाला डावं-उजवं कळत नाही" असं म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. त्याला कळत होतं.

उजवं म्हणजे उजवंच, हे ठरवायला १९२९ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली. ब्रिटिश जहाजांवर ते १९३३ पासून लागू झालं. त्या दिवशी चाकावर असलेल्या म्हाताऱ्या खलाशाची मला फार कणव येते. तीस वर्षं जे ऐकून हात डावीकडे गेला, तेच ऐकून आता उजवीकडे न्यायचा! आपल्याला साधं नवं घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधवत नाही.

या जोडीतून 'पॉश' हा शब्द निघाला, असं सांगणारेही पुष्कळ. म्हणे, साहेब बोटीनं मुंबईला येताना पोर्टच्या बाजूची केबिन घेई आणि परतताना स्टारबोर्डची, म्हणजे दोन्ही वेळा उत्तरेची सावली. त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून पी. अँड ओ. कंपनी तिकिटावर शिक्का मारी. गोष्ट झकास आहे. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कोशकारही ती मानत नाहीत. मी मात्र सांगणाऱ्याला अडवत नाही. त्या सावलीतल्या केबिनबद्दल तो असा काही जिव्हाळ्यानं बोलतो, की त्याचे आजोबाच तिच्यातून प्रवास करून आले असावेत!