दोन्ही पालकांचा तुरा 'रोझ', मग पिल्लाचा साधा कसा?

वायनडॉट ही अमेरिकेतली कोंबडीची जात. गोलसर बांधा, काळ्या किनारीची रुपेरी पिसं आणि डोक्याला चिकटून बसलेला, वरून दाणेदार तुरा. या चपट्या तुऱ्याला 'रोझ' म्हणतात. आपल्या गावरान कोंबड्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा दिसतो तो करवतीसारखा उभा तुरा म्हणजे 'सिंगल', एकेरी. कडाक्याच्या थंडीत एकेरी तुऱ्याची टोकं गोठून काळी पडतात, चपट्या तुऱ्याला तो धोका कमी. अमेरिकेच्या प्रमाणग्रंथात वायनडॉटची नोंद १८८३ साली झाली. या जातीत एकेरी तुऱ्याचा पक्षी कितीही देखणा असो, प्रदर्शनात बाद होतो.

पण गंमत अशी, की रोझ तुऱ्याच्या बक्षीसपात्र जोडीच्या अंड्यांतूनही अधूनमधून एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघतंच. नवा पाळणारा हमखास चिडतो. विकणाऱ्याने भेसळीचा माल गळ्यात मारला, असं त्याला वाटतं.

तसं असेलच असं नाही. तुरा ठरवणाऱ्या जनुकाच्या पक्ष्याकडे दोन प्रती असतात, एक बापाची, एक आईची. रोझची एक प्रत असली तरी तुरा रोझच दिसतो. एकेरीची प्रत आत दडून राहते. अशा दोन पक्ष्यांची जोडी लावली, की सरासरी चारांत एक पिल्लू एकेरी तुऱ्याचं होतं. मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम प्राण्यांनाही लागू होतात, हे केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांचे असेच तुरे मोजून. पुढे बेटसन आणि पनेट यांना रोझ आणि असील कोंबड्यासारखा 'पी' तुरा यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा मिळाला. जीवशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे उदाहरण असतं.

मग शंभराहून जास्त वर्षं निवड करूनही वायनडॉटमधून एकेरीची प्रत हद्दपार का झाली नाही? कारण रोझच्या दोन्ही प्रती असलेला कोंबडा बाप म्हणून कमी पडतो. त्याचे शुक्राणू लवकर मंदावतात आणि अंडी कमी फळतात. कोंबडीला ही अडचण नाही, आणि एकच प्रत असलेल्या कोंबड्यालाही नाही. एकाच खुराड्यात दोन्ही प्रकारचे कोंबडे असतील, तर जास्त पिल्लं एका प्रतीवाल्याचीच होतात. माणूस रोझ निवडत राहतो आणि निसर्ग एकेरीची प्रत जपत राहतो.

यामागचं कोडं २०१२ मध्ये उलगडलं. रोझ तुऱ्याच्या पक्ष्यांत सातव्या गुणसूत्राचा सुमारे ७४ लाख अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यामुळे एक जनुक भलत्या जागी जागं होतं आणि तुरा चपटा होतो. त्याच उलथापालथीत दुसरं एक जनुक मधोमध तुटतं, आणि ते नेमकं शुक्राणूंच्या कामाचं. म्हणजे दिसायला सुंदर तुरा आणि कमजोर बाप, दोन्ही एकाच मोडतोडीतून आले.

जाणते पाळणारे म्हणूनच एकेरी तुऱ्याचं प्रत्येक पिल्लू काढून टाकत नाहीत. अशी एखादी चांगल्या बांध्याची कोंबडी रोझ कोंबड्याखाली ठेवतात. कोंबड्याकडे दोन्ही प्रती रोझच्या असतील, तर सगळी पिल्लं रोझ दिसतात, आणि त्यांतले नर एकाच प्रतीचे, म्हणजे पुढच्या पिढीसाठी खात्रीचे बाप. निम्मी पिल्लं एकेरी निघाली, तर बापाकडे एकच प्रत होती हे कळतं. डीएनए चाचणी नसतानाही ही परीक्षा खुराड्यातच होते.

तुऱ्याच्या मागच्या टोकाचं वळण मात्र एवढ्यावर ठरत नाही. हॅम्बर्ग जातीत ते टोक सरळ मागे जातं, वायनडॉटमध्ये डोक्याच्या गोलाईसोबत खाली वळतं. ते पिढ्यान्‌पिढ्या नजरेने निवडूनच जमवावं लागतं.