भरतपूरचा शिलालेख आणि शिशाचा हिशेब

दिल्लीच्या आसमंतात कोरीव लेखांची वाण नाही. परंतु भरतपूरच्या केवलादेव अरण्यात, ज्या शिवमंदिरावरून त्या अरण्याला हे नाव पडले त्याच्या जवळच, एक असा शिलालेख उभा आहे की ज्याच्या जोडीचा दुसरा आम्हांला ठाऊक नाही. त्यावर दानाचा उल्लेख नाही, विजयाचाही नाही. त्यावर तारखा आहेत, मानकरी पाहुण्यांची नावे आहेत, बंदुकांची संख्या आहे आणि त्या त्या दिवशी मारलेल्या पक्ष्यांची बेरीज आहे. १९०२ साली लॉर्ड कर्झनसाहेबांच्या उपस्थितीत शिकारीचा आरंभ झाला, तेव्हा ५४० पक्षी पडले. १९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड आले, तेव्हा ४,२०६. आणि १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना एका दिवसात ४,२७३. हा शेवटचा आकडा त्या लेखातील सर्वांत मोठा.

हा लेख वाचून मन विषण्ण होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आम्हांला येथे त्या लेखात काय आहे यापेक्षा काय नाही याविषयी लिहावयाचे आहे. पक्षी मोजले गेले, बंदुकाही मोजल्या गेल्या. त्या बंदुकांतून उडून पाण्यात पडलेले शिसे मात्र कोणी मोजले नाही. जगातील शिकारी लोकांना ही दुसरी मोजदाद शिकण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शिकण्याचा इतिहास हाच या लेखाचा विषय होय.

भरतपूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. १८०४ साली दिल्ली-डीगच्या धामधुमीनंतर यशवंतराव होळकरांनी याच नगराचा आश्रय घेतला आणि जाट राजा रणजितसिंहाने तो दिला. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने किल्ल्यावर चार हल्ले चढविले आणि चारही फसले. किल्ल्याच्या मातीच्या रुंद तटाने तोफांचे गोळे नुसते गिळून टाकले. २०१३ पासून हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तेव्हा दिल्लीहून सुमारे १८० किलोमीटरांवरील ही भूमी आता कागदोपत्रीही आम्हां दिल्लीकरांच्या शेजारची झाली आहे.

केवलादेवचे पाणी हे निसर्गाचे आणि माणसाचे संयुक्त कर्तृत्व आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ सूरजमल जाटाने अठराव्या शतकात अजान बांध घातला, तेव्हापासून येथील सखल भागात पाणी साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने कालवे, बांध आणि झडपा बांधून त्या पाण्याचे भाग पाडले, ते केवळ बदकांच्या शिकारीसाठी. थंडीत मध्य आशिया आणि सायबेरिया येथून तलवार बदके, थापटे, चक्रवाक, पट्टकादंब असे पाहुणे थव्याथव्याने उतरत. शिकाऱ्यांना आपापल्या आडोशाच्या जागा नेमून दिलेल्या असत. पक्षी उठविले जात, आणि गोळीबार सुरू झाला की घाबरलेले थवे एका जलाशयावरून दुसऱ्यावर, म्हणजे एका बंदुकीपुढून दुसरीपुढे, फिरत राहत.

आता थोडे गणित करू. बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण ३० ग्रॅम शिसे असते, आणि बदकांसाठी वापरण्याच्या आकाराचे छर्रे त्यात अडीचशे ते पावणेतीनशे मावतात. १९३८ च्या त्या दिवशी एका पक्ष्यामागे एकच काडतूस खर्ची पडले असे आपण शिकाऱ्यांच्या नेमबाजीला पुरेपूर श्रेय देऊन धरू. प्रत्यक्षात उडत्या बदकावरचे कितीतरी बार फुकट जातात. तरीही एका दिवसात सव्वाशे किलोहून अधिक शिसे आणि दहा लाखांहून अधिक छर्रे हवेत उडाले असे दिसते. त्यांपैकी पक्ष्याच्या अंगात शिरतात ते मोजके चारदोन. बाकीचे पाण्यात. किल्ल्याच्या तटाने गोळे गिळले तसे या दलदलीने छर्रे गिळले. परंतु तटाने गिळलेला गोळा निरुपद्रवी झाला, दलदलीतला छर्रा तसा झाला नाही.

शिसेच का वापरीत, हे समजण्याजोगे आहे. ते जड, मऊ, स्वस्त आणि सहज वितळणारे. १७८२ साली ब्रिस्टॉलच्या विल्यम वॉट्स याने वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात सोडण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि पाण्यात थिजतो. त्या युक्तीने छर्रा धान्यासारखा स्वस्त झाला. आणि दैवदुर्विलास असा, की तो धान्यासारखा दिसूही लागला.

पक्ष्याला दात नसतात. बदक धान्य गिळते, आणि त्यासोबत बारीक खडेही गिळते. पोटातील पेषणी नावाच्या स्नायूमय पिशवीत त्या खड्यांच्या साह्याने दाणा जात्यात भरडावा तसा भरडला जातो. चिखल चाळणाऱ्या बदकाला छर्रा कधी खडा वाटतो, कधी बी वाटते. पेषणीत तो घासला जातो, जठरातील आम्लाने झिजतो आणि त्याचे क्षार रक्तात उतरतात. पक्ष्याचे रक्त पांढरे पडते, पचनाचे स्नायू लुळे होतात, भरल्या पोटी तो उपाशी मरू लागतो. पंख छपरासारखे लोंबतात, उडणे सुटते. दोन-तीन आठवड्यांत तो लव्हाळ्यांत शिरून मरतो, किंवा त्याआधीच एखाद्या गरुडाच्या तावडीत सापडतो, आणि तेच विष गरुडाच्या पोटी जाते. आपल्या रसशास्त्राने शिशाला 'नाग' म्हटले आणि शोधन केल्याखेरीज ते पोटात घालू नये अशी ताकीद दिली. पाण्यातल्या जीवांसाठी ही ताकीद पाळण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

कारण हा मृत्यू दिसत नाही. बंदुकीने पडलेला पक्षी गोळा करून रांगेत मांडता येतो, त्याचे छायाचित्र निघते, तो दगडावर कोरला जातो. शिशाने मेलेला पक्षी एकटा, आडोशाला, शिकारी घरी गेल्यावर मरतो आणि कोल्हे-गिधाडे त्याचा मागमूस उरू देत नाहीत. त्यामुळे हा अनर्थ प्रथम ओळखला तोही शिकारीच्या जगातच, अमेरिकेत. १८९४ साली जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने आपल्या शिकारविषयक नियतकालिकात त्याकडे लक्ष वेधले. १९१९ साली अलेक्झांडर वेटमोर याने अमेरिकन कृषिखात्यातर्फे पक्ष्यांना छर्रे चारून पाहिले आणि मोजके छर्रेही प्राण घेण्यास पुरतात हे सप्रयोग दाखविले. १९५९ साली इलिनॉयच्या फ्रँक बेलरोज याने हजारो बदकांच्या पेषण्या तपासून निष्कर्ष काढला की उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी शेकडा दोन ते तीन दरवर्षी शिशाने मरत असावेत. वाचकांनी तारखा ताडून पाहाव्यात: वेटमोरची पुस्तिका निघाल्यावर १९ वर्षांनी भरतपुरात तो विक्रम झाला. ज्ञान होते; ते बंदुकीपर्यंत पोचलेले नव्हते.

मग पर्याय शोधण्याची खटपट सुरू झाली. आरंभी शिसे सोडण्याचे कोणाच्या जिवावर येत होते. १९३६ साली मिनेसोटातील ग्रीन आणि डाउडेल या संशोधकांनी शिशात मॅग्नेशियम मिसळून पाहिले, हेतू हा की छर्रा पाण्यात लवकर फुटून विरून जावा. पुढच्या परीक्षेत तोही विषारीच ठरला. छर्ऱ्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा देऊन पाहिला, तर पेषणीच्या जात्याने तो घासून काढला. जस्त वापरून पाहिले, तर जस्तही पक्ष्याला बाधले. विष झाकून चालत नाही, ते काढूनच टाकावे लागते, एवढा बोध या फसलेल्या प्रयोगांतून मिळाला.

अखेर उरले ते लोखंड, म्हणजे ज्याला शिकारी 'स्टील'चा छर्रा म्हणतात ते मऊ पोलाद. ते पोटात गेले तरी पक्ष्याला बाधत नाही. परंतु शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर लोखंडाची ७.९ पट. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो; म्हणून तो एकदोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो, आणि पक्षी जवळ येईतो धीर धरावा लागतो. शिवाय लोखंड दबत नाही. जुन्या, पातळ किंवा तोंडाशी फार आवळलेल्या नळ्यांना त्याने इजा होण्याची भीती असते. अशा बंदुकांसाठी कथील मिसळलेले बिस्मथ पुढे आले. त्याची घनता शिशाच्या बरीच जवळ जाते आणि ते नळीला सोसवते. टंगस्टन तर शिशाहूनही जड, परंतु त्याची किंमत सामान्य शिकाऱ्याला न परवडणारी. आता कोणताही नवा छर्रा आधी पक्ष्यांना चारून, तो निरुपद्रवी ठरल्यावरच अमेरिकेत मान्य होतो. वेटमोरने जे विषाचे प्रमाण म्हणून केले, तेच आता निर्दोषपणाचे प्रमाण झाले आहे.

कुरकुर पुष्कळ झाली. नव्या छर्ऱ्याने पक्षी नुसते जायबंदी होतील, बंदुका फुटतील, खेळ महागेल, असे आक्षेप आले. तरी १९९१ पर्यंत अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिसे सर्वत्र हद्दपार झाले. पुढे झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की मिसिसिपीच्या हवाईमार्गावरील मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू शेकडा ६४ नी घटले. डेन्मार्कने १९९६ साली शिशाचे छर्रे सरसकट बंद केले आणि ते पचविले. इंग्लंडने १९९९ साली केवळ पाणपक्ष्यांपुरती बंदी केली, दुकानात शिसे मात्र राहू दिले. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत बाजारात विकली जाणारी सुमारे ७० टक्के बदके शिशानेच मारलेली आढळली. अर्धवट कायदा पाळणे अवघड आणि मोडणे सोपे, हा अनुभव आपल्याकडेही अपरिचित नाही. २०२३ पासून युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाचा छर्रा वापरण्यास बंदी केली आहे.

आपल्या देशाने मात्र निराळी वाट धरली. भरतपूर १९५६ साली पक्षी अभयारण्य झाले, तरी माजी महाराजांचे शिकारीचे हक्क १९७२ पर्यंत चालू होते. त्या अरण्यासाठी डॉ. सालीम अलींनी दीर्घकाळ खटपट केली, आणि पुढे ते राष्ट्रीय उद्यान व १९८५ साली जागतिक वारसास्थळ झाले. दिल्लीजवळच्या नजफगढ झिलीवर, सुलतानपूरच्या पाण्यावरही एके काळी बंदुका वाजत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकार करण्यास वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो वाव जवळजवळ संपविला. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने छर्रा बदलला, त्याच वर्षी आपण बंदूकच खाली ठेवविली. बिनविषारी छर्ऱ्याचा प्रश्न आपल्या कायद्यापुढे आलाच नाही.

यावरून कोणी म्हणेल, आपण त्यांच्याहून श्रेष्ठ ठरलो. त्यांनी विष काढले, आपण हिंसाच काढली. आम्हांला एवढ्याने समाधान वाटत नाही. पहिले कारण असे की शिसे कुजत नाही. पाण्याखालच्या गाळात छर्रा सावकाश झिजत दशकानुदशके राहू शकतो. मऊ गाळ असेल तर खोल बुडतो, घट्ट चिकणमाती असेल तर वरच्या थरात चोचीच्या टप्प्यात राहतो. दुष्काळात आटलेल्या जलाशयाची माती उकरताना, नव्याने पाणी सोडताना हा जुना हिशेब ध्यानात ठेवणे ही आजच्या व्यवस्थापकांची जबाबदारी आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हे पक्षी आपले नाहीत. ते अनेक देशांचे आहेत. भरतपुरात मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाने बदकांच्या पायांत कड्या घातल्या. त्यांतील कितीतरी कड्या मध्य आशिया व सायबेरियातून परत कळल्या, त्या बहुधा तेथील शिकाऱ्यांच्या हातून. म्हणजे येथून निर्धास्त उडालेला पाहुणा वाटेत छर्ऱ्यांच्या प्रदेशातूनच जातो, आणि तेथे गिळलेले शिसे पोटात घेऊन आपल्या दारीही येऊ शकतो. २०१४ साली स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या किटो येथील परिषदेने शिशाचे छर्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. त्याच कराराची पुढची एक परिषद २०२० साली आपल्या गांधीनगरात भरली. ज्या राष्ट्राने स्वतः शिकार सोडली, त्याला मार्गावरील शेजाऱ्यांशी या विषयी बोलण्याचा नैतिक अधिकार आहे. तो वापरला पाहिजे.

भरतपूरचा शिलालेख हलवू नये, झाकूही नये. राज्यकर्त्यांना ज्याचा अभिमान वाटला ते पुढच्या पिढीने कशा नजरेने पाहिले, याची ती साक्ष आहे. मात्र त्याच्या शेजारी आणखी एक पाटी लावावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तिच्यावर नावे नकोत, दोषारोप नको. एका काडतुसात किती छर्रे असतात, त्यांपैकी पक्ष्याला किती लागतात आणि उरलेल्यांचे पाण्यात काय होते, एवढेच साध्या हिंदीत लिहावे. शाळेच्या सहलीला आलेली मुले मोठ्या पाटीवरचे आकडे वाचतील, मग लहान पाटीवरचे वाचतील, आणि उरलेला गुणाकार स्वतःच करतील.