नारळाच्या दुधाची कुळकथा

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदाताचा शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाचा हा जावई. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखात त्याची दानं नोंदली आहेत: तीन लाख गाई, नद्यांवरच्या नावा, धर्मशाळा, आणि नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडं. गाईंच्या जोडीनं नारळही दान द्यावा, एवढं त्याचं मोल पश्चिम किनाऱ्याला तेव्हाच उमगलं होतं.

नारळाचं दूध काढण्याची रीत नेमकी वर्णन करून ठेवली ती प्रवासी इब्न बतूतानं. १४व्या शतकात ओमानच्या धोफार प्रांतातल्या नारळाविषयी लिहिताना तो सांगतो, की घरांत एक बसायचं आसन असतं आणि त्यावर बसणाऱ्याच्या हातात लोखंडी टोकाचा दांडा असतो. त्यानं नारळ आतून खरवडायचा, कीस ताटात गोळा करायचा आणि पाण्यात कुस्करायचा. पाण्याला दुधाचा रंग येतो, चवही येते. आपली खवणीच आठवते! अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच कृती नांदत होती.

पुढे १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ छापला गेला. त्यातही नारळ वाटून दूध काढणं, त्यात भात शिजवणं आणि कोंबडी-मटणाचं कालवण करणं आलं आहे. या भाताला शेळीच्या दुधातल्या भाताची चव असते, असं तो सांगतो.

कोकणची गाय चणीनं लहान, दूध बेताचं. माड मात्र परसात उभा. म्हणून इथल्या स्वयंपाकाला दाटपणा आणि स्निग्धपणा माडानं दिला. सोलकढी, रसातले शिरवाळे, खापरोळ्या, माशांची कालवणं ही सगळी त्याचीच देणगी.

दूध काढणाऱ्या हातांना जे ठाऊक आहे, त्यामागे पक्की कारणं आहेत. नारळ जून हवा, कारण कोवळ्या खोबऱ्यात तेल कमी. खोवताना करवंटीलगतची तपकिरी साल येऊ द्यायची नाही, नाहीतर दूध काळपट होतं. पाणी कोमट घ्यायचं, कारण खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि चोथ्यातच अडकून राहतं. पंचातून पहिल्यांदा पिळलेलं ते जाड दूध. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून, वाटून, पिळलेलं ते पातळ. कालवण पातळ दुधात शिजतं. जाड दूध शेवटी पडतं आणि त्याला खळखळून उकळी येऊ देत नाहीत. तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात ती खोबऱ्यातली प्रथिनं. जास्त आचेनं ती गोठली, की दूध फुटतं.

हे दूध काही तासांतच आंबूस होतं. त्यामुळे ते दरवेळी ताजंच काढावं लागलं आणि ही विद्या घरोघरी राहिली. डब्यातल्या दुधात बहुधा गवार गम घालतात, ते थर वेगळे होऊ नयेत म्हणून. घरच्या दुधावर साय जमते, खाली पाणी राहतं. तो दोष नाही, ढवळलं की झालं. आता खवणीची जागा मिक्सरनं घेतली तरी हरकत नाही. पिळणं हातानंच होऊ द्या, आणि मुलांनाही ते शिकवा.